कर्करोग, विषाणू आणि वेगळे ताट

घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला, की त्याचे ताट-पेला वेगळा होतो, असे नागपूरच्या कामगार वस्त्यांत आम्ही अनेकदा पाहिले आहे. ‘विषाणूंमुळे कर्करोग होतो’ हे अर्धवट कानी पडले, त्याचे हे फळ. तेव्हा त्यात खरे किती, हे नीट पाहिले पाहिजे.

विषाणूमुळे गाठ होऊ शकते, हे पेटन राऊस यांनी १९११ साली कोंबड्यांवर दाखविले; त्यांना नोबेल मिळायला १९६६ साल उजाडले! आपल्याकडे मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगात विषाणू व संप्रेरके यांचा संबंध तपासला. माणसांत अत्यंत भक्कम पुरावा आहे तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. तेथे एचपीव्ही हा विषाणूच मूळ. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांना घेऊन टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांनी मोठा प्रयोग केला. एकदाच या विषाणूची तपासणी करून पुढील उपचार केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, हे २००९ साली प्रसिद्ध झाले.

गुदद्वाराच्या कर्करोगातही बहुधा हाच विषाणू असतो. परंतु त्याच्या वरच्या मोठ्या आतड्याची गोष्ट निराळी. तेथील गाठींत एचपीव्ही, जेसी असे विषाणू काही संशोधकांना सापडले, काहींना नाही. शिवाय जेसी निरोगी माणसांतही आढळतो. गिरणीच्या फाटकावर दगड पडला, तेव्हा तेथे उभा असलेला प्रत्येक जण दगड मारणारा नसतो, हे आम्हां संघटनेवाल्यांना कोणी शिकवायला नको. आणि एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही, एवढे तर निश्चित आहे.

हा रोग बहुधा आतड्यातील लहानशा कोंबापासून वर्षानुवर्षे वाढतो. वय, आनुवंशिकता, तंबाखूचे धूम्रपान, दारू, लठ्ठपणा ही त्याची ओळखीची कारणे. कोंब दुर्बिणीने वेळीच काढला तर रोग टळतो. पण शौचातून रक्त पडले की आमचा माणूस ‘मूळव्याध असेल’ म्हणतो आणि कामावर जातो. तपासणीला गेला तर रोजी बुडते. राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल, तर आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो. ठेकेदाराकडच्या कामगाराचे नाव त्या यादीत पुष्कळदा नसतेच.