अगं, भूकंप तुला सांगून आला होता का?

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणेश विसर्जन आटोपून दमलेलं किल्लारी गाव झोपलं होतं आणि दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. वाचलेल्यांपैकी एखादी आई पुढे वर्षानुवर्षं काय घोकत राहिली असेल? समजा, एवढंच: 'पोराला अंगणात झोपू दिलं असतं तर...'

आता नवल बघा. हेच वाक्य तिनं दुसऱ्या आईच्या तोंडून ऐकलं की ती ताडकन म्हणेल, "अगं, भूकंप तुला सांगून आला होता का?" जी माफी स्वतःला देता येत नव्हती, ती दुसरीला क्षणात देऊन टाकली. आणि देताना ती तिच्याही कानांवर पडली! समूह-उपचाराची सगळी ताकद या एका चमत्कारात आहे.

गंमत म्हणजे ही पद्धत जन्मली कडकीतून. 1905 साली बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना एकत्र बसवायला सुरुवात केली, कारण महागडं आरोग्यधाम त्यांना परवडणारं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या नॉर्थफील्ड रुग्णालयात खचलेले सैनिक ढीगभर आणि डॉक्टर मोजके, म्हणून पुन्हा गटच!

पण नाइलाजाची सोय खरोखर गुण देते का? काँगोत लैंगिक अत्याचार सोसलेल्या 405 स्त्रियांवरचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. काही गावांत एकेकीला आधार, काही गावांत सहा-आठ जणींचे गट. बऱ्याच जणी निरक्षर, म्हणून धडे लिहून न देता तोंडपाठ करवले. चालवणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रिया होत्या. सहा महिन्यांनी नैराश्य किंवा चिंतेचा त्रास उरला होता एकेकट्या आधार मिळालेल्यांपैकी 42 टक्क्यांना, गटातल्या फक्त 9 टक्क्यांना. आणि कुणालाही 'काय घडलं ते सगळं सांग' म्हटलं नव्हतं! काम झालं ते 'चूक माझीच' या विचारावर.

ते बरंच झालं. 'बोलून मोकळं व्हा' हा आपला लाडका सल्ला घाईत उलटू शकतो. अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं पुढचा आघात-विकार टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो, असं चाचण्यांत दिसलं आहे.

गटात जमणं तर आपल्याकडे नवं नाही. सातपुड्यातल्या काठी गावात राजवाडी होळीच्या दांड्याचा खड्डा अवजाराविना, हातांनी खणतात. मग सजून नाचणाऱ्या बुध्यांचे घुंगरू, ढोल आणि रात्रभर नाच. तो सण आहे, उपचार नव्हे. पण जमायची सवय इतकी मुरलेल्या गावाला गोल करून बसायला काय शिकवायचं? तिथे हवी आहे ती त्यांच्या बोलीत बोलणारी, रीतसर शिकलेली एक बाई. मनोविकारतज्ज्ञाची वाट बघत बसण्यापेक्षा आधी तिला तयार करावं, असं माझं ठाम मत आहे.

तोवर तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला गरज वाटली, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो. तिथे मराठीतही बोलता येतं.