मंगळावर दहा लाख माणसं?

सप्टेंबर २०१६मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादलाहारा शहरात इलॉन मस्क यांनी मंगळावर दहा लाखांची वस्ती उभारण्याचा आराखडा मांडला.

अमेरिकी जनता मात्र सावध आहे. प्यू संस्थेच्या २०२३च्या पाहणीत मंगळावर माणूस पाठवण्याला जेमतेम ११ टक्के लोकांनी सर्वोच्च प्राधान्य दिलं. पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवण्याला ६० टक्क्यांनी.

हा सावधपणा रास्तच आहे. 'क्युरिऑसिटी' या मंगळयानावरच्या उपकरणाने मंगळाच्या वाटेवर रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मोजला. पृथ्वीवर निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळतो सरासरी २.४! शिवाय मंगळावर हवेचा दाब इथल्या एक टक्क्याहून कमी, मातीत थायरॉइडला अपायकारक परक्लोरेट.

मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीकडे निदान उडणारी रॉकेट्स आहेत. नेदरलँड्सच्या 'मार्स वन' या संस्थेने तीही नसताना परतीविनाच्या प्रवासासाठी शुल्क घेऊन अर्ज मागवले; २०१९मध्ये तिची व्यावसायिक कंपनी दिवाळखोर ठरली.