मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया आणि कार्यात्मक एमआरआय

प्रस्तावना : मेंदूतील गाठ काढताना शल्यचिकित्सकावर दुहेरी जबाबदारी असते. गाठ शक्य तितकी पूर्ण काढावयाची आणि त्याच वेळी रुग्णाची वाचा व हालचाल अबाधित राखावयाची. ही उद्दिष्टे अनेकदा परस्परविरोधी ठरतात. साधा एमआरआय गाठीचे स्थान, आकार व भोवतालची सूज दाखवितो. परंतु लगतचा भाग कोणते कार्य करतो, हे सांगत नाही. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचेचा संबंध मेंदूच्या पुढील भागाशी जोडला खरा. तथापि या केंद्राची नेमकी जागा व्यक्तिपरत्वे बदलते आणि गाठीच्या दाबामुळे ती सरकूही शकते.

कार्यतत्त्व : मेंदूचा जो भाग कार्यरत होतो, तेथील रक्तपुरवठा वाढतो. प्राणवायूयुक्त व प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात. हा फरक प्रतिमेत टिपता येतो, हे सेइजी ओगावा व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. १९९२ मध्ये मानवी मेंदूवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याला पूरक असे विसरण-टेन्सर प्रतिमांकनाचे तंत्र पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडले. त्यात पाण्याच्या रेणूंच्या विसरणावरून मज्जातंतूंच्या जुडग्यांची दिशा कळते.

चाचणी व भाषा : चाचणीत रुग्णास बोटे हलविण्यास, चित्रे ओळखण्यास अथवा मनात शब्द योजण्यास सांगितले जाते. येथे भाषेचा प्रश्न कळीचा ठरतो. केवळ मराठी जाणणाऱ्या रुग्णास इंग्रजी शब्द दिल्यास मिळणारी प्रतिमा त्याच्या वाचेची नव्हे, तर त्याच्या गोंधळाची असेल. म्हणून चाचणी रुग्णाच्या नित्य व्यवहाराच्या भाषेत घेणे अगत्याचे आहे. द्विभाषिक रुग्णाच्या बाबतीत दोन्ही भाषांचा विचार करावा लागतो.

मर्यादा : गाठीजवळील रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद बिघडलेला असल्यास कार्यरत भागही प्रतिमेत निष्क्रिय भासतो. उलटपक्षी, उजळलेला प्रत्येक भाग त्या कार्यासाठी अपरिहार्य असतोच असे नाही. शिवाय कवटी उघडल्यावर मेंदू किंचित सरकतो व आधीचा नकाशा तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे आवश्यक तेथे रुग्णास जागृत ठेवून, सौम्य विद्युत उद्दीपनाने प्रत्यक्ष खातरजमा केली जाते.

समारोप : सारांश, ही प्रतिमा शल्यचिकित्सकाच्या निर्णयाची जागा घेत नाही, तो निर्णय अधिक डोळस करते. कोठवर जावयाचे आणि कोठे थांबावयाचे, याचा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्ण व नातेवाइकांसह करता येतो, हेच तिचे खरे मोल होय.