हिवाळ्यातील गळ

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही चौघे विद्यार्थी नळदुर्गाजवळ बोरी नदीवर गळ टाकावयास गेलो होतो. जो पहाटे जाईल त्यासच मासा मिळेल, अशी आमची दृढ समजूत. म्हणून तांबडे फुटण्यापूर्वीच काठ गाठला. बोटे बधिर झाली, पाण्यावरून वाफ उठत राहिली, आणि सूर्य कासराभर वर आला तरी गळास लावलेली गांडुळे जशीच्या तशीच होती. पलीकडे जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध भोयाने आमची ही तपश्चर्या पाहून म्हटले, "मासं अजून उठलं न्हाईत, पोरांनो. ऊन पाण्यात शिरू द्या."

आम्ही त्या वेळी हसलो. परंतु घरी आल्यावर शास्त्राच्या पुस्तकांत शोध घेतला, तेव्हा म्हाताऱ्याच्या शब्दांत किती अर्थ भरला होता हे ध्यानात आले.

मासा शीतरक्त प्राणी होय. आपल्या शरीराची उष्णता पौष असो वा वैशाख, ३७ अंश सेंटिग्रेडच्या आसपासच राहते. माशाची मात्र पाण्याच्या उष्णतेबरोबर चढते आणि उतरते. पाणी गार झाले की त्याचे हृदय संथ चालते, श्वसन मंदावते, आणि पोटातील अन्न पचण्यास कितीतरी अधिक वेळ लागतो. ज्याचे पोट भरलेलेच आहे, तो आमिषामागे कशास धावेल? हिवाळ्यात मासे सावध होतात, अशी जी समजूत आहे ती म्हणूनच खरी नव्हे. ते सावध नसतात, त्यांना भूक नसते.

आता पाण्याची गोष्ट. पहाटे वाफ दिसते त्याचे कारण असे, की त्या वेळी हवा पाण्याहूनही गार असते. रात्री पृष्ठभागाचे पाणी निवते, जड होते व खाली बसते. त्याच्या जागी खालचे वर येते. थंड देशांत ४ अंशांपर्यंत निवलेले पाणी तळाशी राहते व वर बर्फ धरते. आपल्या बालाघाटाच्या पठारावर थंडी कडक असली तरी तितकी मजल जात नाही. येथे लक्षात ठेवावयाचे ते एवढेच, की उथळ पाणी लवकर निवते आणि लवकर तापते, तर खोल डोहाचे पाणी दोन्ही गोष्टी सावकाश करते. म्हणून मासे रात्री डोहात राहतात, आणि दुपारी काठचा काळा खडक तापला म्हणजे त्या उबेस वर येतात. हिवाळ्यात गळ टाकावयाचा तर दहानंतर, सूर्यासमोरच्या काठास, लहान आमिष लावून टाकावा. आणि दोरी वारंवार ओढू नये. मंदावलेला मासा पळत्या आमिषाचा पाठलाग करीत नाही. अमेरिकेत 'बास' नावाचा शिकारी मासा धरणारे लोकही थंडीत हाच नियम पाळतात.

आपल्याकडे त्या बासच्या स्वभावाचा मासा म्हणजे मरळ. ही लहान मासे व बेडूक खाते, दबा धरून बसते, आणि हवेत श्वास घेण्यासाठी मधून मधून वर येते. उन्हाळ्यात तिचा हा 'गुडुप्' आवाज ऐकूनच गळकरी जागा ओळखतात. गार पाण्यात मात्र प्राणवायू अधिक विरघळलेला असतो व तिची गरज उणी झालेली असते. तेव्हा ती क्वचितच वर येते. डोह निर्जन वाटतो, परंतु तो निर्जन नसतो.

रात्रभर श्रम करूनही काहीच हाती न लागलेल्या शिमोन पेत्राची कथा आपण प्रार्थनेच्या वेळी पुष्कळदा ऐकली आहे. त्या चमत्काराचा अर्थ उष्णतामापकाने लावण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तथापि गालील सरोवराच्या वायव्य काठी तबघा येथे उबदार झरे आहेत, आणि हिवाळ्यात तेथील मासे त्या उबेस गोळा होतात, ही गोष्ट तेथील कोळ्यांस पूर्वापार ठाऊक आहे. ते मासे आपल्या तलावांतील तिलापियाचेच भाऊबंद. तिलापिया मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणलेला. त्यासही थंडी फारशी सोसत नाही.

परंतु याच ज्ञानाचा एक दुष्ट उपयोगही होतो. मासे थोड्या डोहांत एकवटले आहेत आणि जड झाले आहेत हे ज्यास कळते, तो गळ सोडून सुरुंगाची कांडी हाती घेतो. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग व विष दोन्ही वर्ज्य केली; तरी तो मोह सुटलेला नाही. एका स्फोटात लहानमोठे सारे मरते, आणि मेलेल्यांपैकी पुष्कळ तळाशीच राहून कुजते. आपला जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात नदी आटते, आणि जे थोडे डोह उरतात त्यांतील मरळच पावसाळ्यात अंडी घालते व आपल्या तांबूस पिलांच्या थव्यावर पहारा करते. रोहू व कटला यांचे बीज बाहेरून आणून तलावात सोडण्याची चाल आहे. रानच्या डोहात मरळ कोण आणून सोडणार?

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास आमच्यापैकी एकाच्या गळास वीतभर लांबीची एक मरळ लागली. भोयाने ती हातात घेऊन पाहिली व परत पाण्यात सोडावयास सांगितले. आम्हांस ते जिवावर आले, पण सोडली. सायंकाळी त्याने आपले जाळे टाकले, ते खालच्या उथळ धारेत. कड्याखालचा मोठा डोह का सोडला, असे आम्ही विचारले. जाळ्याची दोरी मनगटास गुंडाळीत तो म्हणाला, "तिथली मिरगासाठी हायेत."