गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंगचा संगणक : किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सुटे भाग कसे निवडावेत?

बारावीचा निकाल लागला की तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "सर, गेमही चालले पाहिजेत आणि एडिटिंगही. ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात हा प्रश्न आता नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. लग्नाचे व्हिडिओ, होमस्टेच्या जाहिराती, समुद्रावरचं प्री-वेडिंग यांवर कमावणारी मुलं आपल्याकडे आहेत. लाख-दीड लाख रुपये घरच्यांनी सुपारीच्या वाडीतून नाहीतर होडीच्या उत्पन्नातून बाजूला काढलेले असतात. म्हणून ग्राफिक्स कार्ड जरा थांबू दे. आपण विजेपासून सुरुवात करू.

आधी वॅटची बेरीज करा. आरटीएक्स ४०७० या कार्डाला २०० वॅट लागतात, तर आरटीएक्स ५०९० ला तब्बल ५७५. समजा तुम्ही २०० वॅटचं कार्ड घेतलं. प्रोसेसरचे १५० आणि पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ८० धरले, तर झाले ४३०. यासाठी ६५० किंवा ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस घ्यावा. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का वीज किती कमी वाया जाते ते सांगतो, विजेच्या झटक्यापासून संरक्षण किती ते नाही. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात, तिकडे लक्ष ठेवा.

आता यूपीएस. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. म्हणजे रेंडर चालू असताना लाईट गेली की यूपीएससकट सगळं बंद! त्यामुळे व्हीए न बघता वॅट बघा, आणि शक्यतो प्युअर साइन वेव्हचा घ्या, कारण स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर काही आधुनिक एसएमपीएस दगा देतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर नवा संगणक आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

दुसरा शत्रू म्हणजे खारी हवा. हवेतलं मीठ धुळीबरोबर बोर्डावर बसतं आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. त्या ओल्या थरातून नको तिथे वीज वाहते, धातूचे सांधे गंजतात. म्हणून कॅबिनेट घेताना रंगीत दिव्यांपेक्षा धुण्याजोग्या जाळ्या आहेत का ते बघा. हवा आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले, तर हवा जाळीतूनच आत येते, फटींतून नाही. कुलर साधा हवेचा पुरतो. लिक्विड कुलर दिसतो छान, पण त्याचा पंप बिघडला तर दुरुस्तीला मुंबई गाठावी लागते. पावसाळ्यात संगणक आठवडाभर झाकून ठेवू नका. रोज तासभर चालवला तरी आतल्या उबेने तो कोरडा राहतो.

इथवर आलात की प्रोसेसर. गेम आणि एडिटिंग यांच्या मागण्या वेगळ्या असतात, गंमत इथेच आहे. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये कोअर ८, पण कॅश मेमरी ९६ एमबी. गेमना हेच आवडतं. रायझन ९ ७९५०एक्स मध्ये कोअर १६, तो रेंडर लवकर उरकतो. पोट एडिटिंगवर असेल तर माझं मत कोअरच्या बाजूने. गेममध्ये दहा-वीस फ्रेम कमी पडल्या तर कोणी पैसे परत मागत नाही!

पण त्याआधी तुमचा कॅमेरा काय नोंदवतो ते पाहा. तो एच.२६५ मध्ये ४:२:२, १०-बिट देत असेल, तर आरटीएक्स ४० मालिकेची कार्डं ते उलगडत नाहीत आणि टाइमलाइन अडखळते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं अंगभूत ग्राफिक्स ते काम करतं, आरटीएक्स ५० मालिकाही करते. मात्र नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतंच. थोडे पैसे वाचवायला गेलात की नेमकी हीच सोय हातची जाते.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या. चार पट्ट्या लावल्या तर डीडीआर५ चा वेग बहुधा उतरतो. ४के एडिटिंगसाठी कार्डावरची मेमरी १२ जीबीच्या खाली नको.

साठवणुकीचा हिशेब स्वतः करून बघा. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट नोंदवत असेल, तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, पाच तासांचं लग्न : ४५० जीबी. चालू कामासाठी २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या आणि जुन्या कामासाठी साध्या हार्ड डिस्क दोन. दोनच का? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकलं, छपरं उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथे यूपीएस काय करणार? एक डिस्क घरी आणि दुसरी नातेवाइकांकडे, पनवेलला किंवा पुण्याला ठेवा. लोकांची हळद आणि सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही.

खरेदीला बहुतेक जण ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला जातात. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी दुकानाची की कंपनीची, हेही तिथेच विचारा. संगणक तिथेच जोडून घेतलात, तर गावी आणताना जड ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं ठेवा. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलात तरी पुढचा रस्ता आहेच, आणि खड्ड्यांत त्या कार्डाचा भार बोर्डाच्या खाचेवर येतो. घरी आल्यावर ते बसवून पहिल्याच आठवड्यात एक लांबलचक रेंडर लावून पाहा, म्हणजे काही सदोष निघालं तर बदलून घ्यायला मुदत हातात असेल.