डब्यातले जिवाणू आणि अंगावरचे दूध

नवजात बाळाच्या आतड्यातील जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांचा अतिसार हे युरोपातील बालमृत्यूंचे एक मोठे कारण होते आणि लीबिग व नेस्ले यांचे तयार शिशुआहार १८६०च्या दशकातच बाजारात आलेले होते. म्युनिकचे बालरोगतज्ज्ञ टेओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये असे दाखवले की बाळाच्या पहिल्या काळसर-हिरव्या शीत, म्हणजे मेकोनियममध्ये, सुरुवातीला जिवाणू आढळत नाहीत, परंतु दूध सुरू होण्याच्या सुमारास आतडे झपाट्याने वसू लागते. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९९-१९०० च्या सुमारास, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत दुफाटा असलेला एक जिवाणू विपुल आढळला. हेच आजचे बिफिडोबॅक्टेरियम. अतिसार झालेल्या बाळांना हा जिवाणू बाहेरून द्यावा, अशी सूचना तिसिए यांनी केली होती. आरोग्यासाठी दिलेला जिवंत जिवाणू या अर्थाने प्रोबायोटिक हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्यामागची कल्पना अशी पुरी तयार झालेली होती.

मात्र हा जिवाणू अंगावर पिणाऱ्या बाळातच इतका का फोफावतो, या प्रश्नाला उत्तर मिळण्यास अर्धे शतक गेले. पॉल ज्यॉर्जी आणि रिचर्ड कुन यांच्या १९५०च्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले की मातेच्या दुधातील काही जटिल शर्करा या जिवाणूच्या वाढीस कारणीभूत ठरतात. ऑलिगोसॅकराइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शर्करा एका लिटर दुधात साधारणतः ५ ते १५ ग्रॅम असतात, लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्यानंतर त्यांचाच क्रम लागतो, आणि तरीही बाळाला स्वतःला त्या पचवता येत नाहीत. आईच्या शरीराने एवढा ऐवज बाळासाठी नव्हे तर बाळाच्या पोटातील पाहुण्यांसाठी खर्च करावा, ही गोष्ट पोषणशास्त्राला दीर्घकाळ कोड्यात टाकणारी होती. २००८ मध्ये बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसचा जनुकसंच उलगडला गेला, तेव्हा याच शर्करा पचवणाऱ्या जनुकांचा एक मोठा गट त्यात सापडला आणि कोडे बऱ्याच अंशी सुटले. गाई-म्हशीच्या दुधात या शर्करा अत्यल्प असतात. म्हणूनच डब्यातल्या दुधात नुसता जिवाणू मिसळणे म्हणजे दुधावाचून विरजण लावण्यासारखे होते. परंतु शिशुआहार उद्योगाने आधी जिवाणूच मिसळला आणि त्याचे अन्न बनवून मिसळण्याकडे तो बऱ्याच उशिरा वळला.

डब्यातल्या दुधात जिवाणू मिसळण्याला शास्त्रीय आधार म्हणून वारंवार पुढे केला जाणारा अभ्यास सावेद्रा आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जिवाणूयुक्त फॉर्म्युला, म्हणजे डब्यातले दूध, घेणाऱ्या २९ मुलांपैकी २ मुलांना, तर साधा फॉर्म्युला घेणाऱ्या २६ पैकी ८ मुलांना अतिसार झाला. फरक लक्षणीय होता खरा, पण ही मुले ५ ते २४ महिन्यांची आणि रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेली होती. घरी वाढणाऱ्या निरोगी नवजात बाळाविषयी या आकड्यांवरून फारसे काही सांगता येत नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या ठरवताना जिवाणू जिवंत असावेत, पुरेशा मात्रेत दिलेले असावेत आणि त्यांचा आरोग्याला लाभ व्हावा, असे स्पष्ट केले, तर युरोपातील बालपचनतज्ज्ञांच्या समितीने २०११ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून अशा फॉर्म्युलाच्या सरसकट वापराची शिफारस करण्याचे नाकारले.

पुढील काळात भरीव पुरावा हाती आला तो डब्याच्या बाहेर. तासन्‌तास न थांबणाऱ्या रडण्यावर, म्हणजे कॉलिकवर, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूचे थेंब उपयोगी पडतात, असे तुरिनच्या साविनो यांनी २००७ मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांत दाखवले. मेलबर्न येथील २०१४ च्या चाचणीत वरच्या दुधावरील बाळेही होती आणि तेथे लाभ दिसला नाही. २०१८ मध्ये चार चाचण्यांची माहिती एकत्र केल्यावर हा लाभ अंगावर पिणाऱ्या बाळांपुरताच ठळक असल्याचे आढळले. ओडिशाच्या ग्रामीण भागात पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी केलेली व २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेली चाचणी तर ४,५५६ बाळांवर झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याचे खाद्य ठरणारी शर्करा यांचे मिश्रण जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करून सात दिवस दिल्यावर, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर उतरले. ही बाळेही अंगावर पिणारी होती, हा तपशील या निष्कर्षाच्या जाहिरातवजा पुनरुच्चारांत सहसा गळून पडतो. याउलट अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हचा कोणताही लाभ आढळला नाही; एका प्रजातीचे यश दुसरीच्या खात्यावर मांडता येत नाही, हे त्यातून दिसले.

जाहिरातींपुरते बोलायचे तर, भारतात १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ मधील दुरुस्तीने दोन वर्षांखालील बाळांच्या दूधपर्यायांची जाहिरात निषिद्ध ठरवली आणि डब्यावर बाळाचे चित्र छापण्यासही मज्जाव केला. प्रोबायोटिक पावडरपुढची अडचण मात्र कायद्याच्या पलीकडची आहे. कोणतीही दूध पावडर पूर्ण निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर साकाझाकी हा तिच्यात क्वचित सापडणारा जिवाणू नवजात बाळात घातक मेंदूज्वर घडवू शकतो, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवायची असते. त्या तापमानाला मुद्दाम मिसळलेले जिवाणूही बहुतांशी मरतात, आणि ते जगावेत म्हणून कोमट पाणी घेतले, तर साकाझाकीलाही जीवदान मिळते.

कमी दिवसांच्या बाळांबाबत आजही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या आणि मानवी दूध मिळणाऱ्या बाळांसाठी प्रोबायोटिकचा विचार करता येईल, असे म्हटले; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये, प्रोबायोटिक दिलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्याच जिवाणूच्या रक्तसंसर्गाने मृत्यू झाल्यानंतर, अशा बाळांना ही उत्पादने देण्याविरुद्ध रुग्णालयांना इशारा दिला. तो जिवाणू बिफिडोबॅक्टेरियमच होता.