छायाचित्र आपल्या हातात, चेहरा दुसऱ्याचा

प्रस्तुत स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करताना वसतिगृहाच्या पहिल्या तुकडीचा समूहफोटो आमच्या हाती आला. ओल लागल्याने त्याचा डावा भाग पुसट झाला होता. आमच्यापैकी एकाने उत्साहाने तो मोबाइलवरील एका चित्र बनवणाऱ्या बॉटकडे पाठवला. अर्ध्या मिनिटात चकचकीत, रंगीत फोटो परत आला आणि सर्वांना आनंद झाला. मात्र त्या तुकडीतील एका माजी विद्यार्थ्याने तो पाहून विचारले, "या कोण?" स्वयंपाकघरातल्या मावशी, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, "या मावशी नव्हेत. मावशींच्या हनुवटीवर गोंदण होते." मूळ फोटो पुन्हा निरखला, तेव्हा गोंदणाचे तीन ठिपके अंधुक दिसले. बॉटने ते डागांसारखे पुसून टाकले होते आणि नाकडोळे दुसऱ्याच कोणा स्त्रीचे बसवले होते. मावशी आज हयात नाहीत; त्यांचा दुसरा फोटोही आमच्याकडे नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही मूळ, पुसट फोटोच छापला आहे.

या प्रसंगाने आम्हांस विचार करावयास लावले. तो विचार पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

चित्र बनवणारा बॉट म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संगणकीय प्रणाली होय. कोट्यवधी चित्रे आणि त्यांची वर्णने तिला पुरवलेली असतात. त्यांवरून डोळा कसा असतो, पदर कसा पडतो, याचे सर्वसाधारण ठोकताळे ती बांधते. पुसट जागी मुळात काय होते हे तिला ठाऊक नसते. तेथे काय असू शकेल याचा ती अंदाज करते. अंदाज देखणा असतो, म्हणून तो खरा वाटतो.

ही कोट्यवधी चित्रे येतात कोठून? पुष्कळशी इंटरनेटवरून आपोआप वेचलेली असतात. 'लायन-५बी' या प्रसिद्ध संग्रहात सुमारे ५ अब्ज ८५ कोटी चित्रांचे दुवे होते. त्यांत ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातील मुलांचे घरगुती व शाळेतले फोटो असल्याचे 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले. काही मुलांची नावे व ठिकाणेही त्यांवरून ओळखता येत होती. त्या मुलांना वा पालकांना कोणी विचारले नव्हते.

दुसरा धोका आपण स्वतः फोटो पाठवतो तेव्हाचा. संदेशांच्या अ‍ॅपमधील बॉट कोण चालवतो, हे बहुधा कळत नाही. फोटो त्याच्या संगणकावर जातो, पाठवणाऱ्याचे खातेही त्याला दिसते. पुढे तो फोटो पुसला जाईल, साठवला जाईल की विकला जाईल, यावर आपला ताबा उरत नाही. निवासी शाळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. गणवेशावरील बोधचिन्ह आणि मागचा फलक यांवरून ते मूल रात्री कोठे झोपते, हेही परक्या माणसाला समजते. आमचा तो समूहफोटो पाठवताना त्यातील एकालाही आम्ही विचारले नव्हते, याची आम्हांस खंत आहे.

तिसरा धोका सर्वांत गंभीर आहे. अंगावरचे कपडे काढल्याचा भास निर्माण करणारे बॉटही आज फिरत आहेत. स्पेनमधील आल्मेंद्रालेखो या गावात सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून अधिक मुलींची अशी बनावट चित्रे त्यांच्याच परिचयातील मुलांनी पसरवल्याचे उघड झाले. त्यासाठी मुलींनी समाजमाध्यमांवर टाकलेले साधे फोटो वापरले होते. २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना एक वर्ष देखरेखीखाली राहण्याचा आदेश दिला. येथेही यंत्राने केला तो अंदाजच. त्या चित्रातील देह त्या मुलीचा नव्हता; चेहरा मात्र तिचा होता, आणि शाळेत पाऊल टाकण्याची भीतीही तिचीच होती. 'चित्र खोटे आहे, मग बिघडले काय?' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. खासगीपणा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ ब नुसार मुलांची अश्लील डिजिटल चित्रे तयार करणे, शोधणे, उतरवून घेणे वा पुढे पाठवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'पोक्सो' कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने संगणकाने बनवलेली, हुबेहूब मूल भासणारी चित्रेही व्याख्येत आणली. 'मी फक्त पुढे पाठवले' किंवा 'गंमत केली' हा बचाव ठरत नाही. करणारा अठरा वर्षांखालील असला, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. ते आपोआप मिटत नाही.

कायद्याची भीती असावी, परंतु तेवढ्यावर थांबू नये. आपल्या वसतिगृहात रोज सकाळी पंचशील ग्रहण केले जाते. त्यातील दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याचे आणि चौथे असत्य न बोलण्याचे. संमतीवाचून कोणाचा चेहरा यंत्राच्या स्वाधीन करणे आणि त्यातून बनावट चित्र घडवणे, यांत ही दोन्ही शीले एकाच वेळी भंग पावतात, असे आम्हांस वाटते.

अशी घटना घडलीच, तर प्रथम हे लक्षात ठेवावे की दोष त्या मुलीचा वा मुलाचा नाही. फोटो का टाकलास, असे विचारून त्यांना गप्प करू नये. चित्र कोणालाही पुढे पाठवू नये. दुवा, खात्याचे नाव, दिनांक व वेळ लिहून ठेवावी. धमकी देऊन पैसे मागितल्यास देऊ नयेत. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर वा १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी. गृहप्रमुख वा वर्गशिक्षक यांच्यापैकी ज्यांच्याजवळ मन मोकळे करता येईल, त्यांच्याकडे त्याच दिवशी यावे. रात्र झाली असली तरी दार ठोठवावे.

आम्ही स्वतःवरही काही बंधने घालून घेतली आहेत. या स्मरणिकेत छापलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोटोस त्याची आणि पालकांची संमती घेतली आहे. दोन पालकांनी नकार दिला. त्यांच्या मुलांचे फोटो येथे नाहीत आणि त्याचे कारण आम्ही विचारलेले नाही. विद्यार्थ्यांचा कोणताही फोटो यापुढे बॉटकडे पाठवला जाणार नाही.

मावशींचा फोटो पृष्ठाच्या डाव्या बाजूस आहे. पुसट आहे, नीट पाहिल्यास गोंदण दिसते.